ट्रिप झाला, पण कधी आणि कशामुळे? प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लायच्या स्टेटस रजिस्टरांचा आढावा

टेस्ट बेंचवरच्या पॉवर सप्लायसमोर माणूस बसलेला असतो तोवर फॉल्ट कळवण्याचा प्रश्न फारसा येत नाही. सीव्हीचा (स्थिर व्होल्टेजचा) दिवा जाऊन सीसीचा (स्थिर करंटचा) लागला किंवा डिस्प्लेवर ओव्हीपी (ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन) उमटले, की तो हात पुढे करून आउटपुट बंद करतो. माणूस उठून गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्या खोलीतला किंवा दुसऱ्या शहरातला संगणक आला, की हे सगळे मोजक्या बिटांतून सांगावे लागते. कोणत्या बिटाचा अर्थ काय, तो कधी उभा राहतो, कधी पुसला जातो आणि कोणी विचारल्याशिवाय तो स्वतःहून काही बोलतो की नाही, यावर उपकरणे बनवणाऱ्यांमध्ये आणि वापरणाऱ्यांमध्ये पन्नासेक वर्षे खल चालू आहे. त्यातले काय मिटले आणि काय अजून लोंबकळते आहे, ते इथे क्रमाने पाहू.

बसपासून स्किपीपर्यंत

सुरुवात ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या एचपी-आयबी या बसपासून होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिच्यावर काम सुरू झाले आणि १९७५ साली ती आयईईई ४८८ हे मानक म्हणून प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळांत तिला जीपीआयबी म्हणतात. आठ डेटा लाइन, तीन हँडशेकच्या लाइन आणि पाच व्यवस्थापनाच्या, अशी तिची रचना. या पाचांतली एसआरक्यू (सर्व्हिस रिक्वेस्ट) ही लाइन आपल्या विषयाची खरी जननी. बसवरचे कोणतेही उपकरण ती ओढून ‘माझ्याकडे लक्ष द्या’ एवढेच सांगू शकते. नेमके कोणी ओढली हे कळायला कंट्रोलरला प्रत्येक उपकरणाचा सीरियल पोल करावा लागतो, म्हणजे एकेकाकडून आठ बिटांचा स्टेटस बाइट मागून घ्यावा लागतो. त्यातला सहावा बिट (मोजणी शून्यापासून), म्हणजे ६४ किमतीचा, ‘हाक मी मारली’ असे सांगतो. उरलेल्या सात बिटांत काय भरायचे हे त्या मानकाने उपकरण बनवणाऱ्यावर सोडले होते, आणि प्रत्येकाने ते आपापल्या परीने भरले.

पॉवर सप्लायच्या बाबतीत १९८०च्या दशकातली काही उपकरणे आजही अभ्यासण्यासारखी आहेत. एचपीच्या ६६२एक्सए या अनेक आउटपुटांच्या मालिकेत प्रत्येक आउटपुटला आठ बिटांचे स्टेटस रजिस्टर होते: सीव्ही, प्लस सीसी, मायनस सीसी, ओव्हरव्होल्टेज, अतितापमान, अनरेग्युलेटेड, ओव्हरकरंट आणि कपल्ड पॅरामीटर. त्याच्या जोडीला एक साठवण-रजिस्टर होते. मागच्या वाचनानंतर जो जो बिट क्षणभर का होईना उभा राहिला, तो त्यात टिकून राही. तिसरे मास्क आणि चौथे फॉल्ट रजिस्टर. मास्कमध्ये निवडलेला बिट शून्यावरून एकवर गेला की फॉल्ट रजिस्टरमध्ये नोंद होई, आणि मुभा दिली असेल तर एसआरक्यूही ओढली जाई. म्हणजे ‘आत्ता काय आहे’, ‘मधल्या काळात काय होऊन गेले’ आणि ‘त्यातले मला कशात रस आहे’ हे तीन प्रश्न वेगळे करण्याची समज कोणतेही सर्वमान्य मानक येण्याआधीच पॉवर सप्लायच्या कारागिरांना आलेली होती. पुढच्या मानकांनी याच समजेला शिस्त लावली, असे म्हणायला हरकत नाही.

१९८७ साली आयईईई ४८८.२ आले आणि सगळ्या उपकरणांना समान असा भाग ठरला. स्टेटस बाइटमधला चौथा बिट ‘उत्तर वाचायला तयार आहे’ यासाठी, पाचवा बिट प्रमाणित इव्हेंट रजिस्टरच्या सारांशासाठी. त्या इव्हेंट रजिस्टरचे आठही बिट नेमून दिले गेले: काम पूर्ण, कंट्रोलची मागणी, प्रश्नोत्तरातली चूक, उपकरणाची स्वतःची चूक, अंमलबजावणीतली चूक, कमांडमधली चूक, वापरकर्त्याची हाक आणि वीज नुकतीच आली. हे सगळे व्होल्टमीटरलाही लागू आणि पॉवर सप्लायलाही. व्होल्टेज हाताबाहेर गेले तर ते कुठे सांगायचे, यावर मात्र मानक गप्प होते.

ही जागा १९९० साली एससीपीआय या कमांड-भाषेने भरली. बोलताना तिला स्किपी म्हणतात. एचपीची टीएमएसएल ही भाषा आणि टेक्ट्रॉनिक्सची एडीआयएफ ही मांडणी यांतून ती उभी राहिली. तिने दोन सोळा-बिटी रजिस्टर-संच दिले. चालू कामाची अवस्था सांगणारा तो ऑपरेशन संच, आणि आउटपुटच्या दर्जाविषयी शंका सांगणारा तो क्वेश्चनेबल संच. स्टेटस बाइटमध्ये क्वेश्चनेबलचा सारांश तिसऱ्या बिटावर, ऑपरेशनचा सातव्यावर. पंधरावा बिट कायम शून्य ठेवला, म्हणजे सोळा-बिटी चिन्हांकित संख्या वापरणाऱ्या संगणकाला उत्तर ऋण दिसू नये. किती व्यवहारी माणसांनी हे लिहिले आहे ते अशा तपशिलांतून कळते. स्किपीची शेवटची प्रसिद्ध आवृत्ती १९९९ची. ती सांभाळणारी मंडळी पुढे उपकरणांच्या ड्रायव्हरांची मानके ठरवणाऱ्या आयव्हीआय फाउंडेशनमध्ये विलीन झाली.

चार पायऱ्यांची रचना

स्किपीच्या प्रत्येक संचात माहिती चार टप्प्यांतून जाते. पहिले कंडिशन रजिस्टर: या क्षणाची अवस्था. ते वाचल्याने काही पुसले जात नाही. नंतर ट्रान्झिशन फिल्टर, एक चढत्या आणि एक उतरत्या बदलासाठी. कोणत्या बिटाने कोणत्या दिशेने उडी मारली तर नोंद घ्यायची, हे तिथे ठरते. तिसरे इव्हेंट रजिस्टर: झालेली नोंद इथे टिकते आणि वाचली की पुसली जाते. चौथे इनेबल रजिस्टर: यातल्या कोणत्या नोंदी वर सारांश-बिटापर्यंत पोहोचाव्यात याची गाळणी.

घरातल्या एमसीबीशी तुलना केली तर कंडिशन आणि इव्हेंट यांतला फरक पटकन लक्षात येतो. शॉर्ट झालेली वायर नंतर सुटी झाली तरी खाली पडलेला खटका सांगत राहतो की मधे काहीतरी झाले. केव्हा झाले, हे मात्र तो सांगत नाही. इव्हेंट रजिस्टरचेही तसेच आहे, आणि ही उणीव पुढे महत्त्वाची ठरते.

फिल्टरचा उपयोग कमी लोक करतात, पण पॉवर सप्लायमध्ये तो खरोखर कामाचा आहे. समजा बारा व्होल्ट अखंड मिळत राहणे हीच तुमची अट आहे. सीसी, ओव्हरव्होल्टेज, अतितापमान अशा एकेका बिटावर पाळत ठेवण्याऐवजी सीव्हीच्या बिटाचा उतरता फिल्टर लावला, की सप्लाय कोणत्याही कारणाने सीव्हीतून बाहेर पडला तरी नोंद होते. कारण नंतर सवडीने शोधता येते.

या चार पायऱ्यांबद्दल आज कोणी वाद घालत नाही. त्यांत काय ओतायचे यावर वाद आहे.

सीसी हा फॉल्ट की नेहमीची अवस्था?

सगळ्या मतभेदांचे मूळ या साध्या प्रश्नात आहे. प्रयोगशाळेतला पॉवर सप्लाय दोनपैकी एका अवस्थेत काम करतो. लोड मर्यादेत असेल तर तो व्होल्टेज धरून ठेवतो, म्हणजे सीव्ही. लोडने मर्यादेहून जास्त करंट ओढायचा प्रयत्न केला तर तो करंट धरतो आणि व्होल्टेज सोडून देतो, म्हणजे सीसी. लिथियमची बॅटरी चार्ज करणाऱ्याला आधी सीसी आणि नंतर सीव्ही हाच अपेक्षित क्रम असतो. सीसीत राहणे हे काम नीट चालल्याचे लक्षण. एखाद्या कंट्रोल कार्डाची चाचणी घेणाऱ्याला मात्र सीसी लागला म्हणजे कार्डावर काहीतरी जळते आहे. उपकरण तेच, बिट तोच, अर्थ उलटे.

यावर दोन भूमिका आहेत, आणि गंमत अशी की त्या दोन्ही एकाच कंपनीच्या उपकरणांत सापडतात. एचपीच्या ६६४एक्सए कुळातल्या सप्लायमध्ये सीव्ही आणि सीसी हे ऑपरेशन संचात आहेत: आठवा बिट, किंमत २५६, सीव्हीसाठी, दहावा, १०२४, सीसीसाठी. क्वेश्चनेबल संचात फक्त खऱ्या अडचणी: ओव्हरव्होल्टेज शून्याव्या बिटावर, ओव्हरकरंट पहिल्यावर, अतितापमान चौथ्यावर, रिमोट इनहिबिट (बाहेरून तारेने आउटपुट रोखणे) नवव्यावर आणि अनरेग्युलेटेड दहाव्यावर. सीसी हा फॉल्ट मानायचा असेल तर वापरकर्ता ओव्हरकरंट प्रोटेक्शन चालू करतो. मग सप्लाय सीसीत गेला की आउटपुट तुटते आणि क्वेश्चनेबलमध्ये नोंद होते. निर्णय वापरणाऱ्याचा, उपकरण फक्त पाळते. या भूमिकेचे समर्थक म्हणतात की अवस्था आणि अडचण यांची खाती वेगळी ठेवली तरच क्वेश्चनेबलच्या सारांश-बिटाला काही अर्थ उरतो. तो उभा राहिला म्हणजे खरोखर पाहायला हवे.

त्याच घरातला तीन आउटपुटांचा ई३६३१ए दुसरी वाट धरतो. त्यात सीव्ही-सीसीची माहिती क्वेश्चनेबल संचातच आहे. शून्यावा बिट म्हणजे व्होल्टेज नियंत्रणात नाही, अर्थात सीसी. पहिला बिट म्हणजे करंट नियंत्रणात नाही, अर्थात सीव्ही. दोन्ही उभे असतील तर काहीच नियंत्रणात नाही, आणि दोन्ही शून्य असतील तर आउटपुट बंद. या मांडणीचा बचाव असा की ती स्किपीच्या अक्षराला धरून आहे. क्वेश्चनेबलमधला शून्यावा बिट व्होल्टेजच्या भरवशाविषयी आहे, आणि सीसीत व्होल्टेजचा भरवसा नसतोच. तर्क बिनचूक आहे. परिणाम असा होतो की सगळे सुरळीत चालू असतानाही ‘शंकास्पद’ खात्यात एक बिट कायम उभा, आणि शून्य हे उत्तर ‘सगळे ठीक’ असे न सांगता ‘आउटपुट बंद’ असे सांगते. माझ्या मते पहिली मांडणी वापरायला सोपी आहे, पण दुसरीला चूक म्हणता येत नाही. मानकाने दोन्हींनाही जागा ठेवली आहे.

बिटांच्या क्रमांकांतला विसंवाद याहून त्रासदायक. नवव्यापासून बाराव्यापर्यंतचे बिट स्किपीने उपकरण बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडले. ६६४एक्सए कुळात नववा बिट रिमोट इनहिबिटचा. एकाच आउटपुटच्या ई३६३२एमध्ये तोच बिट ओव्हरव्होल्टेज ट्रिपचा. दहावा बिट एकीकडे अनरेग्युलेटेड, दुसरीकडे ओव्हरकरंट ट्रिप. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालवला तर तो ५१२ वाचून ‘कोणीतरी बाहेरून इनहिबिट लाइन ओढली’ असे निर्धास्तपणे लॉगमध्ये लिहील, आणि इकडे जास्त व्होल्टेजने ट्रिप झालेला सप्लाय बंद पडून असेल. कमांड दोन्हीकडे बिनतक्रार चालते, म्हणून ही चूक लवकर पकडली जात नाही.

शून्याच्या अर्थावर टीडीके-लॅम्ब्डाच्या जेनेसिस मालिकेने वेगळे उत्तर दिले आहे. तिच्या मूळच्या सीरियल भाषेतल्या आठ-बिटी स्टेटस रजिस्टरमध्ये ‘फॉल्ट आहे’ असा बिट आहेच, शिवाय ‘फॉल्ट नाही’ असाही स्वतंत्र बिट आहे. वरवर पाहता ही उधळपट्टी. पण तुटलेली केबल किंवा गोठलेले फर्मवेअर यांमुळे उत्तर शून्य आले, तर ‘फॉल्ट नाही’ हा बिट गैरहजर असतो आणि प्रोग्रॅम सावध होऊ शकतो. सगळे ठीक असल्याचे मौनातून गृहीत धरायचे नाही, ही शिस्त त्यात आहे. स्किपीत न वापरलेला बिट आणि निरोगी बिट दोन्ही शून्यच दिसतात.

लॅच, आणि तो कोणी उघडायचा

ओव्हरव्होल्टेज ट्रिप झाल्यावर सप्लायमध्ये दोन वेगळे लॅच अडकतात. एक प्रोटेक्शन सर्किटचा, जो आउटपुट बंद ठेवतो; दुसरा इव्हेंट रजिस्टरचा, जो नोंद धरून ठेवतो. *सीएलएस ही कमांड दुसरा पुसते, पहिल्याला हात लावत नाही. प्रोटेक्शन क्लिअर करण्याची कमांड पहिला उघडते, पण आधीची इव्हेंट नोंद तशीच राहू शकते. *आरएसटीने सेटिंग मूळपदावर येतात, मात्र ४८८.२ नुसार ती इव्हेंट रजिस्टर आणि इनेबल मास्क यांना शिवत नाही. नवा प्रोग्रॅमर या तिन्हींना एकच समजतो, आणि आउटपुट का चालू होत नाही म्हणून अर्धा दिवस घालवतो.

वाचल्याने पुसले जाणे हाही मतभेदाचा मुद्दा. त्यामुळे ‘पाहिले’ आणि ‘नोंद संपली’ हे एकाच कृतीत होते, मधे फट राहत नाही, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. विरोधात असे की संपूर्ण रजिस्टर एकदम पुसले जाते. ओव्हरव्होल्टेज तपासणाऱ्या कोडने वाचले की अतितापमानाची नोंदही त्याच्याच हातात येते, आणि त्याने ती पुढे दिली नाही तर कायमची गेली.

सर्व्हर आणि बोर्डांवरच्या कन्व्हर्टरसाठी २००५ साली आलेल्या पीएमबसने इथे वेगळी वाट घेतली. तिथे स्टेटस बिट वाचल्याने पुसला जात नाही; तो मुद्दाम साफ करावा लागतो, आणि फॉल्टचे कारण कायम असेल तर लगेच पुन्हा उभा राहतो. सगळे फॉल्ट साफ करणारी कमांड दिली म्हणून लॅच होऊन बंद पडलेले आउटपुट आपोआप सुरू होत नाही, हेही त्या मानकात स्पष्ट लिहिले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पीएमबसने इशारा आणि फॉल्ट या दोन पायऱ्या वेगळ्या केल्या, आणि फॉल्ट आल्यावर काय करायचे (दुर्लक्ष, थोडे थांबून पाहणे, बंद होणे, पुन्हा प्रयत्न करणे) हेही कमांडने ठरवता येईल असे केले. सोळा बिटांच्या एका शब्दात सारांश, आणि त्याखाली आउटपुट व्होल्टेज, करंट, इनपुट, तापमान, संवाद, पंखे यांची स्वतंत्र रजिस्टरे. क्रमांक सगळीकडे सारखे. स्किपीला जे जमले नाही ते इथे जमले, कारण बनवणाऱ्यांना एकमेकांचे मॉड्यूल एकाच बोर्डावर बसवायचे होते आणि ग्राहक मोठे होते. प्रयोगशाळेच्या बाजारात तसा दबाव कधीच नव्हता.

विचारत राहायचे की हाकेची वाट पाहायची

पोलिंग म्हणजे ठरावीक काळाने विचारत राहणे. सर्व्हिस रिक्वेस्ट म्हणजे उपकरणाने स्वतः हाक मारणे. पाठ्यपुस्तके दुसऱ्याची शिफारस करतात, प्रत्यक्षात बहुसंख्य प्रोग्रॅम पहिलेच करतात. त्याला कारणे आहेत.

हाकेची यंत्रणा सूक्ष्म आहे. सीरियल पोलने स्टेटस बाइट वाचला तर सहावा बिट हाकेचा असतो आणि वाचताच उतरतो. *एसटीबी? या प्रश्नाने तोच बाइट मागितला तर सहावा बिट निव्वळ सारांश असतो आणि कारण टिकून आहे तोवर उभा राहतो. एकदा हाक आल्यावर प्रोग्रॅमने मूळ इव्हेंट रजिस्टर वाचलेच नाही, तर त्याच कारणासाठी पुढची हाक येत नाही. चाचणी पहिल्या दिवशी नीट चालते, दुसऱ्या फॉल्टला गप्प बसते.

मग बस बदलली. आरएस-२३२वर सीरियल पोल नावाचा प्रकारच नाही. १९९५च्या व्हीएक्सआय-११ या प्रोटोकॉलने नेटवर्कवर एसआरक्यू आणली, पण त्यासाठी उपकरण उलट दिशेने संगणकाशी जोडणी उघडते आणि कार्यालयीन फायरवॉलला ते खपत नाही. यूएसबीवरच्या यूएसबीटीएमसीमध्ये वेगळा इंटरप्ट मार्ग आहे आणि तो ठीक चालतो. २०१०च्या हायस्लिप या नेटवर्क प्रोटोकॉलने दोन टीसीपी जोडण्या ठेवल्या, एक कमांडसाठी आणि एक तातडीच्या निरोपांसाठी. दोन्ही संगणकाकडूनच उघडल्या जातात, म्हणून फायरवॉलचा अडथळा सुटतो. पण आज कितीतरी प्रोग्रॅम पोर्ट ५०२५वरच्या साध्या सॉकेटवर चालतात, कारण त्याला कोणतीही लायब्ररी लागत नाही. तिथे बाजूने येणारी हाकही नाही आणि बाजूने वाचता येणारा स्टेटस बाइटही नाही. सोपेपणापुढे ४८८ची सगळी कारागिरी बाजूला पडली, असे खेदाने म्हणणारे जुने लोक आहेत. दर शंभर मिलिसेकंदांनी विचारले तर बिघडले काय, असे विचारणारे नवे लोकही आहेत. दोघांचेही म्हणणे लोड कोणता आहे यावर अवलंबून खरे ठरते.

जेनेसिसने सीरियल जोडणीवरही एक युक्ती केली आहे. हाक मारायची झाली की सप्लाय स्वतःहून उद्गारचिन्ह आणि आपला पत्ता पाठवतो. एका आरएस-४८५ साखळीवर अनेक सप्लाय असताना ते उपयोगी पडते, पण दोघांनी एकदम हाक मारली तर टक्कर होऊ शकते, आणि ती सोडवण्याची जबाबदारी प्रोग्रॅमवर येते.

नेटवर्कने आणखी एक प्रश्न आणला, जो जीपीआयबीच्या काळात नव्हता. तेव्हा बसचा कंट्रोलर एक असे. आता चाचणीचा प्रोग्रॅम, देखरेखीचा पडदा आणि कोणाच्या तरी लॅपटॉपवरची छोटी स्क्रिप्ट असे तिघे एकाच सप्लायशी बोलतात. इव्हेंट रजिस्टर सामाईक असेल तर एकाच्या वाचनाने दुसऱ्याची नोंद गेली. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र रजिस्टर द्यावे, की लॉक लावून एकालाच बोलू द्यावे, की इव्हेंट सोडून सर्वांनी कंडिशनच वाचावे, यावर एकमत नाही.

बिट किती जुना आहे?

रजिस्टरमधला बिट आणि आउटपुटवरची घटना यांत वेळ जातो, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला सर्वांत कमी बोलला गेलेला भाग हाच आहे. ओव्हरव्होल्टेजचा कंपॅरेटर मायक्रोसेकंदांत काम करतो. पण अनेक सप्लायमध्ये कंडिशन रजिस्टर हे फर्मवेअरने ठरावीक काळाने गोळा केलेले चित्र असते. दोन फेऱ्यांच्या मधे सप्लाय सीसीत जाऊन परत आला, तर तो गेलाच नव्हता असे रजिस्टर म्हणेल.

उलट काही वेळा मुद्दाम उशीर केला जातो. व्होल्टेज शून्यावरून एकदम वीसवर नेले तर आउटपुटचे कपॅसिटर भरेपर्यंत सप्लाय क्षणभर सीसीत जातोच. ओव्हरकरंट प्रोटेक्शन चालू असेल तर प्रत्येक सेटिंगला ट्रिप होईल. म्हणून ६६४एक्सए कुळात सेटिंग बदलल्यानंतर सीव्ही, सीसी आणि अनरेग्युलेटेड यांची नोंद रोखून धरणारा विलंब आहे. *आरएसटीनंतर तो २०० मिलिसेकंद असतो आणि बत्तीसेक सेकंदांपर्यंत वाढवता येतो. खोट्या ट्रिप थांबतात, पण त्या खिडकीत खरा शॉर्ट आला तर त्याचीही बातमी उशिरा येते. ओव्हरव्होल्टेजला हा विलंब लागू नाही, हे योग्यच.

मुख्य वीज क्षणभर गेली तर आणखी अडचण. सप्लाय पुन्हा सुरू होतो, रजिस्टरे कोरी, आउटपुट बंद. काय झाले याचा एकच साक्षीदार उरतो: इव्हेंट रजिस्टरचा सातवा बिट, ‘वीज नुकतीच आली’. इनेबल मास्क वीज जाण्यातून टिकावेत की नाही हे *पीएससी या कमांडने ठरते, आणि ते टिकवले तरच सप्लाय जागा झाल्याबरोबर हाक मारू शकतो. रात्रभर चालणाऱ्या चाचण्यांत ही सोय फार मोलाची, आणि फार कमी वापरली जाणारी.

संरक्षण रजिस्टरवर टाकू नये, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे. त्यासाठी तारा आहेत. लष्करी चाचणी यंत्रणांच्या काळापासून पॉवर सप्लायच्या पाठीमागे फॉल्ट दाखवणारे आउटपुट आणि इनहिबिटचे इनपुट असते. एकाचे फॉल्ट आउटपुट दुसऱ्याच्या इनहिबिटला जोडत गेले, की एक ट्रिप झाल्याबरोबर सगळे बंद होतात. संगणक झोपलेला असला तरी. यातही रजिस्टरांचा हात आहेच. फॉल्टची तार कोणत्या सारांश-बिटाने ओढायची ते कमांडने निवडता येते, आणि इनहिबिट लॅच व्हावा की तार सोडताच आउटपुट परत यावे हेही.

अशा साखळीत मग दुसरा प्रश्न उभा राहतो: आधी कोण पडला? आठ सप्लाय बंद आहेत. सात जणांच्या रजिस्टरमध्ये ‘रिमोट इनहिबिट’ आणि एकाच्या रजिस्टरमध्ये ‘ओव्हरकरंट’ असेल तर उत्तर सोपे. दोघांत ओव्हरकरंट दिसला तर? रजिस्टरमध्ये वेळ नसते. प्रवेगक-यंत्रांमध्ये या प्रश्नाला टाळाटाळ चालत नाही, कारण एका चुंबकाचा करंट ढळला की शलाका हरवते आणि पाठोपाठ इतर यंत्रणाही ट्रिप होतात. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सुमारे १,७०० पॉवर कन्व्हर्टर आहेत. त्यांच्या डिजिटल कंट्रोलरमध्ये फॉल्ट, इशारे, लॅच झालेल्या अवस्था आणि चालू अवस्था अशी चार वेगळी खाती आहेत, आणि ट्रिपनंतर कालमुद्रा असलेले बफर एका पोस्ट-मॉर्टेम यंत्रणेकडे जातात. तिथेही जलद संरक्षण मात्र थेट तारांच्या लूपवर आहे. प्रयोगशाळांत एपिक्स ही नियंत्रणप्रणाली वापरणाऱ्यांना प्रत्येक नोंदीला वेळ आणि तीव्रतेची पायरी मिळते, पण ती वेळ सहसा नोंद वाचली तेव्हाची असते, घटना घडली तेव्हाची नव्हे. सप्लायनेच वेळ सांगितली नसेल तर वरचे सॉफ्टवेअर ती कुठून आणणार?

ड्रायव्हरचे आवरण

बिटांचा गोंधळ झाकण्यासाठी आयव्हीआय फाउंडेशनने डीसी पॉवर सप्लायसाठी एक समान ड्रायव्हर-वर्ग ठरवला. त्यात आउटपुटची अवस्था पाच नावांनी विचारता येते: सीव्ही, सीसी, ओव्हरव्होल्टेज, ओव्हरकरंट, अनरेग्युलेटेड. खाली कोणताही सप्लाय असो, प्रोग्रॅम बदलावा लागत नाही. उपकरणे बदलत राहणाऱ्या उत्पादन-चाचणीत याचा फायदा निर्विवाद आहे. तक्रार करणारे सांगतात की अतितापमान, इनहिबिट, पंखा, इनपुट वीज यांना या पाचांत जागा नाही. आणि हा विचारण्याचाच मार्ग आहे, हाकेचा नाही. म्हणून बरेच लोक नेहमीचे काम ड्रायव्हरमधून करतात आणि फॉल्टसाठी थेट स्किपीकडे जातात. दोन भाषांत लिहिलेला असा प्रोग्रॅम सांभाळणे कोणालाच आवडत नाही.

अनिर्णित

फॉल्ट रजिस्टरमध्ये जावा की एररच्या रांगेत, हे पूर्ण ठरलेले नाही. स्किपीची एरर-रांग मुख्यतः भाषेच्या चुकांसाठी आहे: उणे शंभरच्या घरात कमांडच्या, उणे दोनशेच्या घरात अंमलबजावणीच्या, उणे चारशेच्या घरात प्रश्नोत्तरांच्या. पण उणे तीनशेच्या घरात उपकरणाच्या स्वतःच्या चुका येतात, आणि तापलेला सप्लाय तिथे नोंदवावा असे काहींना वाटते, कारण रांगेत क्रम टिकतो. क्रम टिकणे ही रजिस्टरला न जमणारी गोष्ट आहे. रांग भरली की मात्र नंतरचे हरवते आणि ‘रांग ओसंडली’ एवढेच उरते.

‘काम पूर्ण’ या बिटाचेही तसेच. दहा व्होल्ट सेट करून *ओपीसी विचारले तर उत्तर कधी यावे? कमांड समजली तेव्हा, की आउटपुट दहावर स्थिरावले तेव्हा? मानकाने हे उपकरणावर सोडले, आणि उपकरणे दोन्ही प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारच्या सप्लायवर *ओपीसीनंतर लगेच कंडिशन वाचणारा प्रोग्रॅम अर्धवट चढलेल्या व्होल्टेजचे चित्र वाचतो आणि त्याला फॉल्ट समजतो.

आउटपुटवर घटना घडल्यापासून बिट उभा राहीपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हा आकडा मॅन्युअलमध्ये क्वचितच असतो. रिपल, ट्रान्झियंट रिकव्हरी, प्रोग्रॅमिंगचा वेळ यांना स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात ओळ मिळते, रजिस्टरच्या ताजेपणाला नाही. ज्यांना तो लागतो ते ऑसिलोस्कोपचा एक प्रोब आउटपुटवर आणि दुसरा फॉल्टच्या तारेवर लावतात, इलेक्ट्रॉनिक लोडने शॉर्ट देतात, प्रोग्रॅमला बिट दिसल्याची वेळ त्याशेजारी लिहितात आणि फर्मवेअरची आवृत्ती बदलली की हे सगळे पुन्हा करतात.